जगाचा धडा वळिवड्यापासून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरची २४ तारीख जवळ आली की अनेक शाळांत संयुक्त राष्ट्र दिनाची लगबग सुरू होते. पुठ्ठ्याचे झेंडे, एखादी मुलगी किमोनोत, एखादा मुलगा अरबी पोशाखात, फळ्यावर रंगीत खडूने 'वसुधैव कुटुंबकम्', पाहुण्यांचे भाषण, फोटो. दुसऱ्या दिवशी झेंडे कपाटावर चढतात, ते पुढच्या ऑक्टोबरपर्यंत. मुलांना यात मजा येते आणि तिला आमची हरकत नाही. पण यालाच कोणी जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण म्हणू लागले तर बोलणे भाग आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हा शब्द आला आणि आता परिपत्रकांतही तो दिसतो. खरे तर विषय शाळेत आधीपासून आहे. नववीच्या राज्यशास्त्रात संयुक्त राष्ट्रे आहेत, भारताचे परराष्ट्र धोरण आहे, 'आंतरराष्ट्रीय समस्या' हा धडा आहे आणि त्यात निर्वासितही आहेत. जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय आहे, त्यात प्रकल्प करावाच लागतो. म्हणजे तासिकाही आहेत. सापडत नाही ते धाग्याचे टोक. धडा न्यूयॉर्कला सुरू होतो आणि न्यूयॉर्कलाच संपतो, मूल मात्र कोल्हापुरातच बसलेले असते. टोक इथे धरले तर काय काय करता येते, ते थोडे तपशिलाने मांडतो.

सर्वांत भक्कम टोक कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या लोकांपैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांत बायका आणि मुलेच जास्त. सैबेरिया, मध्य आशिया, इराण, कराची आणि मग रेल्वेने कोल्हापूर असा त्यांचा प्रवास. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत सिंधमधून उखडलेली कुटुंबे आली आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. दिवाळीचे कापड घ्यायला जिथे अर्धा जिल्हा जातो, ती पेठ दोन वेगवेगळ्या निर्वासित लोंढ्यांच्या जागेवर आहे, हे आठवीनववीच्या किती मुलांना माहीत असते?

यासाठी चार तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत प्रवासाचा मार्ग दोऱ्याने मांडायचा, पण भिंतीवरच्या नकाशावर नव्हे, पृथ्वीच्या गोलावर. भिंतीवरचा जगाचा नकाशा मर्केटर पद्धतीचा असला तर ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. अशा नकाशावर सैबेरियातले अंतर हमखास चुकते. आणखी एक सावधगिरी: परदेशी संकेतस्थळावरून उतरवलेला भारताचा नकाशा छापून फलकावर लावू नये. काश्मीरच्या सीमा त्यावर बहुधा वेगळ्या असतात, आणि चुकीच्या सीमांचा नकाशा प्रसिद्ध करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचाच नकाशा घ्यावा.

दुसऱ्या तासिकेत सामानाची यादी. 'वीस मिनिटांत घर सोडायचे आहे, दहा किलोच न्यायचे आहे, काय घ्याल?' एवढाच प्रश्न ठेवला तर ती सहलीची यादी होते. म्हणून प्रत्येक मुक्कामाला दोन वस्तू टाकून द्यायला लावायच्या आणि शेवटी विचारायचे की कागदपत्रे कोणी घेतली होती. बहुतेक याद्यांत ती नसतात; शिधापत्रिका, जन्मदाखला, सातबारा मुलांना सुचत नाहीत. इथे शिक्षकाने डोळे उघडे ठेवावेत. चिखली, आंबेवाडी, सुतारवाडा आणि शिरोळ तालुक्यातल्या मुलांनी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हे खरोखर केलेले आहे. त्यांना उभे करून 'तू सांग' म्हणणे म्हणजे खपली काढणे. आधी एकट्यात विचारावे, नको म्हणाले तर विषय तिथेच सोडावा.

तिसरी तासिका सर्वांत कसदार. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या साध्या मराठीत फळ्यावर लिहायची: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती आहे आणि माणूस स्वतःच्या देशाबाहेर आहे. मग तीन चिठ्ठ्या: पोलिश मुलगी, सिंधमधले कुटुंब, चिखलीतला पूरग्रस्त. प्रत्येकाला व्याख्या लावून पाहायची. पूरग्रस्त बसत नाही हे मुलांच्या पटकन लक्षात येते. त्याने सीमा ओलांडलेली नाही आणि पूर हे त्या पाच कारणांत नाही. सिंधी कुटुंबावर वाद होतो आणि तो होऊ द्यावा, कारण सीमा ओलांडून ते ज्या देशात आले तो त्यांचाच देश ठरला होता. भारताने या करारावर सही केलेली नाही, हेही इथेच सांगायचे. वर्ग लगेच 'का नाही?' विचारतो. त्याचे एका वाक्यातले उत्तर देऊन प्रश्न मारू नये.

चौथी तासिका बाहेर. महावीर उद्यानातील पोलिश स्मारक आणि मग गांधीनगर, दुकाने उघडण्याआधी. तिथल्या वयस्करांशी बोलायचे असेल तर पाचच प्रश्न, आधी लिहून त्यांना दाखवलेले. मोबाइलवर चित्रण नको. 'पाकिस्तानात तुमचे काय झाले?' हा प्रश्न मुले पहिल्यांदा विचारतात, तो शेवटून दुसरा ठेवावा. 'इथे आल्यावर पहिला धंदा कसला केला?' या प्रश्नाने माणूस सहज बोलू लागतो.

दुसरे टोक पंचगंगेचे. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट हे इथल्या पोराला पाढ्यासारखे पाठ असते. पण फूट, क्युसेक आणि टीएमसी यांची सांगड बहुतेक मोठ्यांनाही घालता येत नाही. ती गणिताच्या तासाला घालावी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर: दहा हजार लिटरचे चार टँकर, दर सेकंदाला. सातही दरवाजे उघडले की जवळजवळ दहा हजार क्युसेक. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ते दहा हजार क्युसेकने सोडायला सुमारे २८ तास लागतात. हे गणित एकदा स्वतः केलेला मुलगा 'धरणाचे पाणी एकदम सोडले' या वाक्यावर पुन्हा तसाच विश्वास ठेवत नाही. तो विचारतो: किती, किती वाजता, आणि इथे पोहोचायला किती वेळ?

मग खरी परीक्षा, कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची. घरोघरी ऐकलेले उत्तर मुले घेऊन येतात: पूर अलमट्टीमुळे. वर्गाचे चार गट करावेत: शिरोळचा शेतकरी, अलमट्टीच्या पाण्यावर ऊस काढणारा विजयपूरचा शेतकरी, महाराष्ट्राचा पाटबंधारे अभियंता, कर्नाटकचा पाटबंधारे अभियंता. ज्याचे मत ठाम त्याला मुद्दाम पलीकडच्या गटात बसवायचे. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचा दोष अलमट्टीवर टाकला नाही, आणि तो निष्कर्ष इथल्या अनेकांना मान्य नाही. या दोन्ही गोष्टी टेबलावर ठेवाव्यात. पात्रातली बांधकामे, भराव, थोड्या दिवसांत पडलेला पाऊस हे मुद्देही. शिक्षकाने निकाल देऊ नये. आपल्याला हे फार जड जाते, सवयच नाही.

यात चुकते कुठे? विजयपूरच्या गटाला बोलायला माहिती नसते, म्हणून तो विनोदी कन्नड बोलून वेळ मारून नेतो आणि वर्ग हसतो. असे झाले की तास वाया गेला. त्या गटाला आदल्या दिवशी अर्ध्या पानाचे टिपण द्यावे: तिथे पाऊस किती कमी पडतो, धरण भरले नाही तर काय होते, कृष्णा पाणीतंटा लवादाने कोणत्या राज्याला काय दिले. एवढे झाल्यावर सिंधू पाणी कराराचे १९६० साल किंवा गंगेच्या पाण्याचा बांगलादेशाशी झालेला १९९६ चा तीस वर्षांचा करार शिकवायला वेगळी प्रस्तावना लागत नाही. वरचा आणि खालचा यांचे भांडण मुलांनी करून पाहिलेले असते.

पुरावरून कृतीकडेही जाता येते, आणि इथे एक लांबचे टोक आपोआप हाती येते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. त्यांचे स्मारक तिथे आर्नो नदीच्या काठी आहे. त्याच फ्लॉरेन्सच्या भिंतींवर १३३३ च्या आणि १९६६ च्या महापुराच्या पातळीच्या पाट्या आहेत. दोन्ही पूर ४ नोव्हेंबरचे. आपल्याकडे २०१९ चे पाणी कुठवर आले होते हे आज तोंडी सांगता येते. आणखी तीस वर्षांनी?

पूरखुणा करणे हा शाळेला पेलणारा प्रकल्प आहे. लागते ते असे: दहा मीटर पारदर्शक नळी, गवंडी वापरतात ती, रंगीत पाणी, टेप, खडू, तैलरंगाचा छोटा डबा. गल्लीत एका घरावर पाण्याची पक्की खूण असते, ओलीची रेघ किंवा मालकाने मारलेली. तिथपासून नळीने पातळी पुढच्या खांबावर, तिथून शाळेच्या भिंतीवर न्यायची. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते. म्हणून एक टोक वर धरून पाणी सावकाश भरायचे आणि वापरण्याआधी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी जुळते का पाहायचे. प्रत्येक टप्प्याला थोडी चूक साठत जाते, त्यामुळे परत उलट मोजत यायचे; दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा. दोन पूर्णपणे वेगळ्या घरांच्या खुणांवरून सुरुवात करून शाळेच्या भिंतीवर एकच रेघ आली, तरच रंग लावायचा. त्याआधी घरमालकाची आणि संस्थेची लेखी परवानगी. हे काम उन्हाळ्यात, पाणी नसताना. पुरात मुलांना मोजमापाला पाठवण्याचा विचारही कोणी करू नये.

याच्या जोडीला निळी आणि लाल पूररेषा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शाळा कोणत्या रेषेत येते हे मुलांनी नकाशावर शोधावे. नकाशा मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. हा अधिकार नागरिकाचा असल्याने अर्ज 'मुख्याध्यापक, अमुक विद्यालय' या नावाने न करता शिक्षकाने किंवा पालकाने स्वतःच्या नावाने करावा, नाहीतर तो परत येण्याची भीती असते. 'पूररेषेबद्दल सर्व माहिती द्यावी' असे लिहिले की उत्तर गोलमाल येते. 'अमुक गट क्रमांकावरून जाणाऱ्या पूररेषेच्या मंजूर नकाशाची प्रत द्यावी' असे लिहावे. आमच्या मते नागरिकशास्त्राच्या दहा व्याख्यानांपेक्षा हा एक अर्ज जास्त शिकवतो.

चपलेचा धडा याहून सोपा वाटतो, पण तो जास्त जपून घ्यावा लागतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. आधी कोल्हापूरचा उल्लेख नव्हता, ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा मान्य केली. वर्गात मुले एका सुरात 'चोरी' म्हणतात. तेव्हा कायदा उघडायचा. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. म्हणजे ते एकट्या कोल्हापूरचे नाही. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर यांचेही आहे. (इथे वर्गात थोडी शांतता पसरते.) मानांकन नावाला संरक्षण देते आणि तेही भारतात. इटलीत, नाव न वापरता, तसा आकार केला तर? याबाबतची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. 'चूक आहे पण बेकायदेशीर असेलच असे नाही' हे वाक्य स्वतः तयार करणे, एवढेच या धड्याचे उद्दिष्ट ठेवावे.

जपून का, तर वर्गात चर्मकार समाजाची मुले असतात. 'तुझे वडील हेच करतात ना, सांग बघू' असे चुकूनही म्हणू नये. बाभळीची साल आणि हिरड्याने कातडे कमावण्यापासून कान, अंगठा, पट्टा, वेणीपर्यंतचे कसब सन्मानाने शिकवायचे असेल तर कारागिराला पाहुणा म्हणून बोलवावे, इतर पाहुण्यांसारखेच मानधन आणि नारळ द्यावा. आणि 'हे काम कोणी करायचे हे कोणी ठरवले?' हा प्रश्न टाळून पुढे जाऊ नये. शाहू महाराजांच्या गावात तरी नाहीच नाही.

साखरेसाठी एक तास पुरे. न्यूयॉर्कचा कच्च्या साखरेचा भाव पौंडाला सेंटमध्ये येतो. समजा १५ सेंट. क्विंटलमध्ये २२०.४६ पौंड, म्हणजे सुमारे ३३ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर क्विंटलला २८११ रुपये. आपल्याकडे साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला गेला. आता मुलांनीच सांगावे की अशा भावाला कारखाना निर्यात का करणार नाही, आणि ब्राझीलमधल्या कारखान्याने उसाचा रस इथेनॉलकडे वळवला की आपल्या उसाच्या बिलावर काय होते.

संयुक्त राष्ट्रांची नमुना सभा आता महागड्या शाळांत इंग्रजीतून, कोट घालून होते. ती मराठीतून, फुकट आणि जास्त चांगली होऊ शकते. सुरक्षा परिषदेचे सदस्य १५. वर्गात ४५ मुले असतील तर एका देशाला तिघे. देश चिठ्ठी टाकून वाटावेत, नाहीतर अमेरिका नेहमी त्याच मुलाला मिळते. भाषण दीड मिनिट, लिहून आणलेले वाचायला बंदी, कारण ते इंटरनेटवरून उतरवलेले असते. ठरावाला नऊ मते लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी एकानेही विरोध केला तर ठराव पडतो. चौदा बाजूने आणि एक विरोधात, तरी पडला, असा प्रसंग मुद्दाम घडवून आणावा. मुलांची चिडचिड होते. ती चिडचिड हाच नकाराधिकाराचा धडा, फळ्यावर आणखी काही लिहावे लागत नाही.

परदेशी शाळेशी जोडणी करायची हौस बऱ्याच संस्थांना आहे. तिथे घड्याळ आडवे येते. पोलंड हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचे घड्याळ बदलते आणि ठरलेली भेट बरोबर एका तासाने चुकते. जपान साडेतीन तास पुढे, त्यामुळे आपले अकरा म्हणजे त्यांचे अडीच, एवढाच काय तो वेळ हाती लागतो. अमेरिकेच्या शाळेशी थेट बोलणे जमत नाही, तेव्हा इथे संध्याकाळ किंवा रात्र असते. म्हणून थेट बोलण्याऐवजी दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण पाठवावे, महिन्यातून एक, एकाच प्रश्नावर: 'तुमच्याकडे पाणी कुठून येते?' पालकांची लेखी संमती, फक्त पहिले नाव, चेहरा नाही, मुलांचे मोबाइल क्रमांक तर अजिबात नाहीत.

आणि परदेशाच्या आधी निपाणी. ४० किलोमीटरवर कन्नड माध्यमाची शाळा आहे, नदीखोरे एक आहे, ऊस एक आहे, चपलेचे मानांकन एक आहे. सीमाप्रश्नावर दोघांची मते वेगळी असणार, ती बदलायला कोणी सांगत नाही. पण तिथल्या मुलांना पत्र न लिहिणारा वर्ग जर्मनीला शुभेच्छापत्र पाठवतो, तेव्हा आम्हाला त्याचे फारसे कौतुक वाटत नाही.

गुण देऊ नयेत. प्रकल्पाआधी आणि नंतर एकच प्रश्न द्यावा: 'तुमच्या मताच्या विरुद्ध असलेली तीन कारणे लिहा.' आधी कोरे कागद येतात. नंतर दोन जरी आली तरी तास कामी आला असे समजावे.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी. पावसाळ्यात आपण धरणे आणि नद्यांच्या पातळीची चौकट छापता, पण ती कधी पहिल्या पानावर, कधी आत, कधी नाहीच. एके दिवशी फूट, दुसऱ्या दिवशी मीटर. १ जून ते ३० सप्टेंबर ती रोज एकाच पानावर, एकाच क्रमाने, सकाळी सातच्या आकड्यांनी छापावी: राजाराम बंधारा फुटांत, राधानगरी, दूधगंगा, कोयना आणि अलमट्टी यांचा साठा टीएमसीत आणि विसर्ग क्युसेकमध्ये. अलमट्टीत येणारे पाणी आणि सोडलेले पाणी असे दोन्ही आकडे हवेत, एकट्याने काही कळत नाही. कात्री आणि खळ एवढ्यावर कोणत्याही शाळेला १२२ दिवसांची नोंदवही करता येईल.

आपले,
इतिहास, राज्यशास्त्र व भूगोल शिकवणारे काही शिक्षक
कोल्हापूर